कोनांचा हिशेब : थिओडोलाइटच्या पुस्तिकेची प्रस्तावना

खानापूर मलप्रभेच्या काठी आहे. ही नदी कनकुंबीच्या डोंगरात उगम पावते, पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. लोंढ्याजवळून वाहणारी पांढरी नदी मात्र काळी नदीला मिळते आणि ते पाणी कारवारजवळ अरबी समुद्रात जाते. खानापूर आणि लोंढा यांच्या मध्ये गुंजी आहे. माउली देवीचे हे गाव एका छोट्या रेल्वे स्टेशनाचे आणि बेळगाव-पणजी महामार्गावरचे. रेल्वेच्या डब्यात बसून या पट्ट्यातून जाताना पाणलोटाची रेघ आपण कधी ओलांडली हे कुणालाच कळत नाही. झाडी तशीच आणि जमीनही जवळजवळ सपाट दिसते. डोळ्याला जे दिसत नाही ते रूळ टाकणाऱ्यांना, रस्ता आखणाऱ्यांना आणि पाटबंधाऱ्याच्या माणसांना मोजून काढावे लागले. त्या मोजणीत ज्या यंत्राचा मोठा वाटा आहे, त्या थिओडोलाइटची ही पुस्तिका खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या मराठी मुलामुलींसाठी तयार झाली आहे. तिची प्रस्तावना म्हणूनच गुंजीपासून सुरू करतो.

थिओडोलाइट कोन मोजतो, त्याचे काम एवढेच. तिपाईवर बसवलेली एक दुर्बीण, तिच्याखाली आडवे वर्तुळ, बाजूला उभे वर्तुळ, दुर्बिणीच्या काचेवर एक उभी आणि एक आडवी बारीक रेघ, यंत्र समतल झाले की नाही हे सांगणारा काचेच्या नळीतला बुडबुडा आणि खाली जमिनीतल्या खुंटीच्या डोक्यावर नेमका येणारा ओळंबा. आडव्या वर्तुळावरून दोन दिशांमधला कोन कळतो, उभ्या वर्तुळावरून चढ किंवा उतार. खेड्यापाड्यांत लोक त्याला नुसते ‘दुर्बीण’ म्हणतात आणि मोजणीला कोणी आले की पोरे डोळा लावून बघायला मागतात. दुर्बीण मात्र फक्त नेम धरायला आहे. खरी किंमत त्या वर्तुळावर कोरलेल्या रेघांची.

एका अंशाची ६० मिनिटे, एका मिनिटाचे ६० सेकंद. कॉलेजांत आणि आयटीआयमध्ये शिकवण्यासाठी जो साधा व्हर्नियर थिओडोलाइट असतो त्यावर, दोन रेघांमधला बारीक भाग दाखवणाऱ्या व्हर्नियर या पट्टीमुळे, २० सेकंदांपर्यंत वाचता येते. हा आकडा हातात कसा धरायचा? एक सेकंदाचा कोन एक किलोमीटर अंतरावर सुमारे ५ मिलिमीटर होतो. २० सेकंद म्हणजे तेवढ्याच अंतरावर जेमतेम १० सेंटिमीटर. एक पूर्ण मिनिट चुकले तर २९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक फूट. एक फूट जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले या तालुक्याने पाहिले आहेत.

या यंत्राची सगळ्यात मोलाची शिकवण मला नेहमी दोन ‘फेस’मध्ये दिसते. एकदा उभे वर्तुळ डावीकडे ठेवून कोन वाचायचा, मग दुर्बीण उलटी करून वर्तुळ उजवीकडे आणून तोच कोन पुन्हा वाचायचा आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. दुर्बिणीचा अक्ष किंचित तिरका असेल तर एका फेसला तो कोन वाढवतो आणि दुसऱ्या फेसला तेवढाच कमी करतो. सरासरीत दोष निघून जातो. वर्तुळाचे केंद्र किंचित सरकलेले असेल तर समोरासमोरचे दोन्ही व्हर्नियर वाचून तेही निघते. यंत्र निर्दोष नाही हे गृहीत धरून, त्याच यंत्राकडून खरी बाजू काढून घेण्याची ही रीत आहे. पुढे दिलेल्या प्रत्येक व्यवसायात कामाचे स्वरूप बदलते, भाषा बदलते, पगार बदलतो, पण ही रीत बदलत नाही. जो एका ठिकाणी ती मनापासून शिकला तो दुसरीकडे परका राहत नाही.

आपल्या भूमीशी या यंत्राचे नाते जुने आहे आणि त्याची एक खूण विदर्भात आहे. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन या सर्वेक्षकाची कबर आहे. त्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात पहिली आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. एका रेषेची लांबी साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे, मग उरलेल्या दोन बाजू गणिताने काढायच्या आणि त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. अशा त्रिकोणांची रांग दख्खनमधून उत्तरेकडे सरकत गेली. लॅम्बटनचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा होता आणि त्याचे आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे. इंग्लंडहून येताना तो फ्रेंचांच्या हाती लागला आणि मॉरिशसला पोचला. तिथल्या गव्हर्नरने तो सन्मानाने परत पाठवला. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटून यंत्र आपटले आणि वर्तुळ वाकले. लॅम्बटनने तंबूत बसून आठवडेच्या आठवडे ते वर्तुळ हातोड्याने आणि स्क्रूने पुन्हा गोल केले, आणि त्याच यंत्राने पुढची वर्षे काम केले. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले, आणि कन्याकुमारीपासून मसुरीच्या टेकड्यांपर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची ती रांग १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरी झाली.

एवढ्या मोठ्या त्रिकोणांत एक गोष्ट उघड होते. तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त येते, कारण पृथ्वी सपाट नाही. दर १९६ चौरस किलोमीटरला साधारण एक सेकंद जास्त. खानापूर तालुक्यातल्या दोन-चार गावांच्या त्रिकोणात हा फरक दिसणार नाही, पण बेळगाव जिल्ह्याएवढा त्रिकोण घेतला तर तो दुर्लक्षिता येत नाही. शाळेत घोकलेले भूमितीचे प्रमेय आणि पायाखालची खरी जमीन यांच्यातला हा फरक मोजून हातात येतो, ही मला थोर गोष्ट वाटते.

आता जमिनीच्या मोजणीकडे येऊ, कारण या भागातल्या बहुतेक वाचकांना मोजणी म्हटले की तीच आठवते. मुंबई इलाख्याची महसुली मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नव्याने बसवली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. म्हणून इथले सर्व्हे नंबर, गुंठे आणि आणे इलाख्यातल्या इतर गावांसारखेच राहिले. त्या मोजणीचा कणा होता शंकू साखळी आणि काटकोन दाखवणारा क्रॉस-स्टाफ. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. शेतकऱ्याला तोंडी समजेल असा इतका नेटका हिशेब दुसरा नाही. पण साखळीच्या कामात चुका साचत जातात. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाता जाता गावाच्या पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत नकाशा तिरका होतो. म्हणून गावाची बाहेरची चौकट थिओडोलाइटच्या ट्रॅव्हर्सने, म्हणजे खुंटीमागून खुंटीवर कोन आणि अंतरे घेत, बांधायची आणि आतले तपशील साखळीने किंवा प्लेन टेबलने भरायचे, ही पद्धत पुढे रुळली.

ट्रॅव्हर्सचा पडताळा कसा घ्यायचा हे पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात आहे, पण त्यातले तत्त्व इथेच सांगतो. गावाच्या हद्दीवर दहा खुंट्या असतील तर आतल्या दहा कोनांची बेरीज बरोबर १,४४० अंश आली पाहिजे. आली नाही तर कुठेतरी चूक आहे. मोजणीदार कितीही अनुभवी असो, समोर कोणीही उभे असो, ती बेरीज कुणाची भीड धरत नाही. मोजणीच्या दिवशी बांधावर जमलेल्या भाऊबंदांपैकी एकालाही हा पडताळा समजत असेल तर त्या मोजणीवरचा अर्धा संशय तिथेच मिटेल, असे मला ठामपणे वाटते. बांध कोरण्याची खोड जुनी आहे. नांगराच्या एका तासाने दरवर्षी वीतभर सरकत गेलेला बांध तिसऱ्या पिढीत भांडण होऊन उभा राहतो. तेव्हा ज्याच्या आधारे मागे जाता येते तो म्हणजे जुना दगड आणि त्या दगडापासून लिहून ठेवलेले कोन आणि अंतरे.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि कोगनोळीच्या अलीकडच्या व पलीकडच्या शेतांचे दप्तर दोन राज्यांत गेले. दगड मात्र जुन्या मोजणीचेच राहिले. आज खानापूर किंवा निपाणी तालुक्यातल्या मराठी शेतकऱ्याच्या हातात येणारा उतारा कन्नडमध्ये असतो. त्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. नकाशा मात्र शिकला तर त्याला स्वतःला वाचता येतो. ही पुस्तिका मराठीत असावी असा आग्रह धरण्याचे हे पहिले कारण होते. जंगलाच्या हद्दींचेही तसेच. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले, त्याभोवतीच्या गावांना वनखात्याची रेघ नेमकी कुठून जाते हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. दगडी बुरूज, त्यांच्यामधली अंतरे आणि वळणाचे कोन हेच त्या रेघेचे खरे लेखन असते.

रेल्वेचा विषय निघाला की माझे मन रमते. १८८० च्या दशकात दक्षिण मराठा रेल्वेने ही लाइन या जंगलातून लोंढ्याकडे आणि पुढे कॅसलरॉकपर्यंत नेली. पलीकडून मुरगाव बंदरातून पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला येऊन मिळाली. दूधसागर धबधबा ज्या घाटात आहे तो हाच. त्या घाटातला सगळ्यात कडक चढ ३७ फुटांत एक फूट. मुंबई-पुणे मार्गावरच्या, १८६३ मध्ये सुरू झालेल्या भोर घाटातही कडक चढ तेवढाच, ३७ ला १. उभ्या वर्तुळावर वाचले तर हा कोन एक अंश ३३ मिनिटांचा आहे. कागदावर नगण्य दिसणारा हा कोन इंजिनाच्या ताकदीची कमाल मर्यादा होती. म्हणून सरळ दरीत उतरता येत नसे. डोंगराच्या अंगाने वळसे घेत, जिथे वळसा पुरत नाही तिथे बोगदा खणत, चढ त्या मर्यादेत ठेवावा लागे. भोर घाटात त्यासाठी २५ बोगदे लागले. आज आपण खिडकीतून त्या वळणांचे फोटो काढतो. त्या प्रत्येक वळणाच्या सुरुवातीला कुणीतरी तिपाई रोवून उभा होता.

रूळ वळवण्याचे गणितही कोनांचेच. आपल्याकडे रेल्वेतली माणसे ‘दोन डिग्रीचा कर्व्ह’ असे सहज बोलतात. एक डिग्रीचा कर्व्ह म्हणजे सुमारे १,७५० मीटर त्रिज्येचे वर्तुळ, दोन डिग्रीचा म्हणजे त्याच्या निम्म्या त्रिज्येचे. वर्तुळाचे केंद्र कुठेतरी दरीत किंवा डोंगराच्या पोटात असते, तिथे जाऊन दोरी फिरवता येत नाही. म्हणून वळणाच्या आरंभी थिओडोलाइट लावायचा, सरळ रेषेपासून थोडा थोडा कोन वळवत जायचे आणि दर कोनाला ठरलेल्या अंतरावर खुंटी मारायची. खुंट्यांची ओळ आपोआप वर्तुळ होते.

बोगद्यात तर दुसरा आधारच नसतो. कोकण रेल्वेवरचा रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. असा बोगदा दोन्ही तोंडांकडून खणत आले आणि एका बाजूच्या दिशेत २० सेकंदांची चूक राहिली, तर सव्वातीन किलोमीटरवर मध्यभागी पोचेपर्यंत ती रेघ एक फूट सरकलेली असेल. दुसऱ्या बाजूनेही तशीच चूक उलट दिशेने झाली तर दोन फूट. म्हणून दिशा आधी बाहेर, डोंगरावरून त्रिकोण बांधून नक्की करतात आणि मग आत नेतात. बोगद्याच्या अंधारात धूळ, ओल आणि दिव्यांच्या उष्णतेने हलणारी हवा यांतून लांबच्या खुणेवर नेम धरणे हे सर्वेक्षकाच्या आयुष्यातले कठीण काम आहे.

कालवा आणि पाटाचा उतार मात्र थिओडोलाइटने काढू नये. ते लेव्हलचे, म्हणजे उंचीतला फरक मोजणाऱ्या यंत्राचे काम, आणि ते लेव्हलनेच होते. हिडकलच्या घटप्रभा धरणापासून निघणाऱ्या कालव्यांसारख्या कामांत उतार इतका बारीक असतो की उभ्या वर्तुळाच्या भरवशावर राहणे धोक्याचे. धरणाच्या भिंतीची जागा, तिचा अक्ष, दोन्ही काठांवरच्या खुणा या गोष्टी थिओडोलाइटच्या. भिंत उभी राहिल्यावरही त्याचे काम संपत नाही. धरण भरले की पाण्याच्या दाबाने भिंत मिलिमीटरांत हलते, आणि काठावरच्या पक्क्या खांबांवरून वर्षानुवर्षे त्याच खुणांचे कोन घेऊन ती हालचाल तपासता येते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या भिंतीला तडे गेले आणि ती मजबूत करावी लागली. त्यानंतर महाराष्ट्रात ‘धरण हलते का’ हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेत नाही.

कारखान्यांतली कामे लहान वाटतात, पण नोकऱ्या तिथेच जास्त आहेत. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या साखर कारखान्याची चिमणी उभी राहताना ती ओळंब्यात आहे का हे काटकोनात असलेल्या दोन जागांवरून दुर्बीण वरखाली फिरवून बघतात. शेडचे पोलादी खांब बसवताना तेच. इमारतीचा लाइनआउट देताना कोपऱ्याचा काटकोन दोरीच्या ३-४-५ ने काढता येतो, पण प्लॉट मोठा असेल तर दोरी ताणते, आणि एका कोपऱ्यातली चूक सगळ्या कॉलमांत शिरते.

हवामानशास्त्रातला उपयोग फार थोड्यांना माहीत असतो. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या चौकाला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते त्यामुळे. वरच्या थरांतला वारा मोजण्यासाठी हायड्रोजन भरलेला फुगा सोडतात. तो मिनिटाला किती वर चढतो हे आधी ठरलेले असते. खास घडणीच्या थिओडोलाइटने त्याचा पाठलाग करून दर मिनिटाला त्याची दिशा आणि उंचीचा कोन वाचतात. चढण्याचा वेग माहीत, कोन माहीत, म्हणजे फुगा दर मिनिटाला कुठे आहे ते कळते, आणि त्यावरून त्या उंचीवरचा वारा. या यंत्राची दुर्बीण मध्येच काटकोनात वळलेली असते, त्यामुळे फुगा थेट डोक्यावर गेला तरी बघणाऱ्याला मान मोडावी लागत नाही. रात्री फुग्याखाली छोटा दिवा बांधतात.

कोल्हापूरचा किरणोत्सव आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी अखेरीस मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येत अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात. ज्यांनी ते देऊळ आखले त्यांनी त्या दिवसांची सूर्याची दिशा आणि उंची पक्की धरली होती. आज वाटेतली कोणती इमारत, कोणते पत्रे किरण अडवतात याची चर्चा होते, तेव्हा तो प्रश्न दोन कोनांचा असतो : सूर्य कोणत्या दिशेला, आणि त्या दिशेला छप्पर किती कोन उंच. सूर्याचा वेध घेताना मात्र काळ्या काचेशिवाय दुर्बिणीला डोळा लावू नये. एका क्षणात डोळा जातो. हे वाक्य पुस्तिकेत तीन ठिकाणी मुद्दाम छापायला सांगितले आहे.

हलशीच्या कदंबकालीन देवळांचा आराखडा काढायचा असो की इनामगावच्या उत्खननासारखे चौकोन आखायचे असोत, पुरातत्त्वाच्या माणसालाही हेच यंत्र लागते. देवळालीच्या तोफखाना शाळेत लक्ष्याची दिशा आणि अंतर ठरवण्याचे गणितही याच कुळातले.

आता कुणी विचारेल, टोटल स्टेशन आले, उपग्रहावरून जागा सांगणारे रोव्हर आले, एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन फिरू लागले, मग व्हर्नियर वाचायला कशाला शिकायचे? टोटल स्टेशन म्हणजे अंतर मोजण्याची सोय जोडलेला थिओडोलाइटच आहे. त्याला दोन फेस आहेत, त्यालाही समतल करावे लागते, तोही ओळंब्यातून सुटला की चुकतो, फक्त त्याची चूक सुबक आकड्यांत पडद्यावर दिसते. लोंढ्याच्या दाट झाडीत उपग्रहाचा संकेत तुटतो, बोगद्यात तो पोचतच नाही. आणि पडद्यावरचा आकडा खरा की खोटा हे ज्याने हाताने कोन वाचले आहेत त्यालाच जाणवते. मी पाहिलेले चांगले सर्वेक्षक नवे यंत्र हाती आल्यावरही पहिल्या दिवशी जुन्या पद्धतीने एक चौकोन बंद करून बघतात.

एक अडचण मात्र खरी आहे. अनेक शिक्षणसंस्थांत थिओडोलाइट कपाटात असतो आणि मुले त्याचे चित्र काढून पास होतात. आयटीआयचा सर्व्हेअरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्या दोन वर्षांत मुलाने स्वतःच्या हाताने यंत्र लावले नाही, तर प्रमाणपत्र मिळूनही साइटवर त्याला स्टाफ धरायलाच उभे करतात. शिक्षकांना माझी विनंती आहे : यंत्र बाहेर काढा, पडले तर दुरुस्त होईल.

या पुस्तिकेत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक काम दिले आहे. ते या भागातल्या जागांवरचे आहे. शाळेच्या मैदानावर पाच खुंट्यांचा ट्रॅव्हर्स, आणि बेरीज ५४० अंश येईपर्यंत सुट्टी नाही. देवळाच्या शिखराची उंची दोन जागांवरून. रेल्वेच्या हद्दीबाहेर, सुरक्षित अंतरावर उभे राहून दिसणाऱ्या वळणाचा कोन. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सकाळी हवा धुतलेली असते, तेव्हा दूरच्या टेकडीवरचा नेम. भर दुपारी जमिनीवरून झळा उठतात आणि खूण नाचते, म्हणून दुपारचे आकडे फिल्ड बुकात लिहिताना वेळ लिहायला विसरू नका. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नका, त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा. फिल्ड बुक मराठीत लिहिले तरी चालते. दोघे मिळून काम करा : एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, आणि लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणावा. पहिले प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटा, यंत्र मागून घ्या आणि आधी बुडबुडा मध्यावर आणायला शिका.